सिद्धोबा तालमीचा लिवाप्पा

गवळ्यानं म्हशीच्या कासेखाली धरलेला पितळी पेला काठोकाठ भरला आणि तसाच फेसासकट लिवियोच्या हातात दिला. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर तेव्हा पन्नास-साठ माणसं जमली असतील. त्यातली निम्मी दुधासाठी आली नव्हती, त्याला बघायला आली होती. लिवियोनं पेला तोंडाला लावला, एका दमात रिकामा केला आणि मिशीवरचा फेस मनगटानं पुसला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ‘लिवाप्पा’ म्हणून आरोळी दिली आणि मग सगळा कट्टा तेच ओरडायला लागला.

मी त्याच्यामागं चेंडूंची जाळी खांद्याला लावून उभा होतो.

तेवढ्यात एका सांजदैनिकाचा फोटोग्राफर गर्दीतून पुढं घुसला. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला मात्र, लिवियोनं डोक्यावरची टोपी काढून तोंडापुढं धरली आणि तो म्हशीच्या आड वाकला. लोक हसले. गडी लाजतोय, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी पेपरात म्हशीचा फोटो आला, त्याच्यामागं टोपी धरलेला एक हात.

मी हसलो नाही. लाजणारा माणूस मला कळतो. मी शाळेत खेळ शिकवायचो, अशी पोरं रोज बघायचो. हा लाजत नव्हता. हा लपत होता.

ही गोष्ट दोन हजार चार सालची, जानेवारीतली. लिवियो मारेस्कोत्ती हा इटलीचा माणूस कोल्हापुरात आला तो फुटबॉलसाठी नव्हे. आमच्या सिद्धोबा तालमीचे, म्हणजे तालमीच्या फुटबॉल टीमचेही, अध्यक्ष आबा सरनोबत यांची शिरोलीला फाउंड्री आहे. तिथं त्यांनी एक इटालियन मशीन घेतलं होतं आणि ते बसवून द्यायला कंपनीनं या माणसाला पाठवलं होतं. वय चव्वेचाळीस, उंच, नाक एका बाजूला मोडलेलं. एका संध्याकाळी आबा त्याला गांधी मैदानावर आमचा सराव दाखवायला घेऊन आले. चेंडू गडगडत त्याच्यापाशी गेला आणि त्यानं पायातल्या कामाच्या जड बुटानं तो पन्नास यार्डांवर असलेल्या आमच्या विंगरच्या बरोबर पायात दिला. आबांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, की तो इटलीत आठ वर्षं खेळलाय, बचावात, मधल्या जागेवर. नंतर गावातल्या पोरांना शिकवलंय. याच्यापलीकडं काही सांगितलं नाही.

मशीन डिसेंबरात सुरू झालं. त्यानं परत जायला हवं होतं. त्याऐवजी त्यानं कंपनीकडून लांब रजा घेतली आणि तालमीच्या माडीवरच्या खोलीत राहायला आला. आबांनी मला फाउंड्रीत बोलावून घेतलं आणि एवढ्या हंगामापुरती टीम त्याच्याकडं देतोय, मी त्याच्या शेजारी बसावं, असं सांगितलं. त्याआधी नऊ वर्षं टीम माझ्याकडं होती. मी तीन वेळा फायनलला नेली होती आणि तिन्ही वेळा हरलो होतो. त्यामुळं बोलायला जागा नव्हती. पण वाईट वाटलंच. पुढं जे काही मी केलं त्यात या वाईट वाटण्याचा वाटा किती होता, हे मला आजही नेमकं सांगता येत नाही.

त्याला खेळ येत होता, यात शंका नाही. पहिल्याच आठवड्यात त्यानं फाउंड्रीतून जाड दोराचा एक सोल आणला आणि आमच्या चार बचावपटूंच्या कमरा एकमेकांना बांधून टाकल्या. एक पुढं गेला की चौघांनी जायचं, एक डावीकडं सरकला की चौघांनी सरकायचं. पहिल्या दिवशी चौघंही तोंडावर आपटले. बघणारे पोट धरून हसले. पंधरा दिवसांनी सोल सोडला तरी चौघं बांधल्यासारखेच हलत होते आणि आम्ही सलग पाच सामने एकही गोल न खाता जिंकलो.

मग पेठ वेडी झाली. घराघरांतून त्याला जेवायची बोलावणी येऊ लागली. बारशाला गेला तर बाळ आधी त्याच्या मांडीवर. सलूनवाल्यानं त्याच्यासारखी मिशी कोरून द्यायला सुरुवात केली. आबांनी चौकात त्याचा मोठा कटआऊट लावायचा ठरवला, पण फोटोच मिळेना, म्हणून पेंटरनं आठवून चित्र काढलं. ते निम्मं आबांसारखं दिसायचं. तरी लोक त्याच्यापुढं उभं राहून आपले फोटो काढून घ्यायचे. लिवियोचं लिवाप्पा कधी झालं, कुणालाच सांगता आलं नसतं. आम्हा दोघांचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं, त्यात त्यानं उचललेले मराठी शब्द. मला तो ‘सर’ म्हणायचा आणि माझ्या घरी आला की माझ्या बायकोला, नलिनीला, वहिनी.

नलिनीला तो आवडायचा. माझ्या धाकट्या भावाला तर फारच. हंबीर आमचा गोलकीपर. वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याला मीच वाढवला, मीच गोलमध्ये उभा केला. आता सव्वीस वर्षांचा होता. सहा वर्षं इथं तिथं तात्पुरत्या नोकऱ्या करत होता. इचलकरंजीकडची एक मुलगी बघून ठरल्यासारखी होती, पण तिच्या वडिलांनी कायमची नोकरी लागल्याशिवाय सुपारी फोडायची नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. हंबीर घरात कमी बोलायचा. लिवियोशी मात्र मैदानावर तासन्‌तास बोलत बसायचा. कोणत्या भाषेत, देव जाणे.

मला प्रश्न पडायचा तो साधा होता. या माणसाला हवंय काय? सराव शिकवण्याबद्दल तो काही घेत नव्हता. दर गुरुवारी दुपारी बिंदू चौकातल्या टेलिफोन बूथवर जाऊन वीसेक मिनिटं बोलायचा आणि बाहेर आला की तासभर कुणाशी बोलायचा नाही. तो सगळ्यांना सगळं विचारायचा. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाची बहीण कुठं दिली, रणझुंजार मंडळातल्या कुणाची आमच्यातल्या कुणाशी दोस्ती. रणझुंजार म्हणजे आमचे पिढीजात वैरी. त्यांची चौकशी याला कशाला? आणि स्वतःबद्दल विचारलं की तो हसून विषय बदलायचा. मी नलिनीजवळ हे बोललो. ती म्हणाली, तुम्हाला त्याचं चांगलं झालेलं बघवत नाही. मी त्यानंतर तिच्याजवळ तो विषय काढला नाही.

मार्चमध्ये मी राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत जायला लागलो. शाळा सुटली की तिथं. आबांच्या ऑफिसातल्या कागदावरून त्याच्या नावाचं स्पेलिंग मी उतरवून घेतलं होतं. तीन दिवस काही सापडलं नाही. चौथ्या दिवशी एका इटालियन वर्तमानपत्राचं जुनं पान उघडलं, एक्क्याण्णव सालचं. फोटो होता. मिशी नव्हती, केस दाट होते, पण नाक तेच. मी ते पान भाषांतर करून देणाऱ्या साइटवर टाकलं. आलेलं इंग्रजी वेडंवाकडं होतं, पण दोन गोष्टी समजल्या. एक, प्रकरण सामन्यातल्या गैरव्यवहाराचं होतं. दोन, याच्यावर तीन वर्षांची बंदी आली होती. बंदी कशाबद्दल, त्याजागी यंत्रानं ‘तक्रार वगळल्याबद्दल’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. त्याचा मला अर्थ लागला नाही आणि लावायची गरजही वाटली नाही. मी पानाची प्रिंट काढली.

ती प्रिंट बारा दिवस माझ्या शाळेच्या कपाटात हजेरीपटाखाली होती. मी ती कुणाला दाखवली नाही, कारण आम्ही जिंकत होतो. हे खरं कारण आहे. सेमीफायनलही जिंकली. फायनल रविवारी होती, रणझुंजारशी.

त्या आठवड्यातल्या बुधवारी मी मिरजकर तिकटीजवळून स्कूटरवरून येत होतो. रणझुंजारचे अध्यक्ष पोवार यांचं ऑफिस तिथं पहिल्या मजल्यावर. पोवार एका दूध संघावर संचालक, मोठं प्रस्थ. त्या ऑफिसच्या जिन्यावरून मला लिवियो उतरताना दिसला. एकटा. खाली येऊन त्यानं दोन्हीकडं पाहिलं, टोपी घातली आणि भराभर निघून गेला. मी स्कूटर एका दुकानाच्या पायरीला लावून कितीतरी वेळ तशीच धरून उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, मला आनंदही झाला. माझं खरं ठरत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं तालमीतल्या फळ्यावर फायनलची टीम लिहिली. गोलकीपरच्या जागी हंबीरचं नाव नव्हतं. इरफान मुजावरचं होतं, जो त्या हंगामात एकही पूर्ण सामना खेळला नव्हता. पोरं बघत राहिली. हंबीर कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

सगळे गेल्यावर मी लिवियोला माडीवर गाठलं.

“हंबीर का नाही?”

“गुडघा,” तो म्हणाला.

“हंबीर माझ्या घरात राहतो. त्याचा गुडघा चांगला आहे.”

“मी गुडघा म्हणतो. तुम्ही पण गुडघा म्हणा, सर.”

“मी का म्हणू?”

तो खाटेवर बसला. दोन्ही हातांनी तोंड चोळलं. मग इतकंच म्हणाला, “माझ्यावर विश्वास ठेवा. दोन दिवस.”

बुधवारचं मी त्याला त्यावेळी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो सावध झाला असता, असं मला वाटलं. शनिवारी सकाळी मी प्रिंट घेऊन फाउंड्रीत गेलो.

आबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मी त्यांना जिन्यावरचं सांगितलं, हंबीरला बसवल्याचं सांगितलं. आबा तापट माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला नाही. त्यांनी ड्रायव्हरला पाठवून लिवियोला बोलावून घेतलं. तो आला, टेबलावरचा कागद त्याला दिसला, आणि त्याच्या तोंडावरचं सगळं उतरून गेलं. त्यानं तो हातात घेतलाच नाही.

“हा तू आहेस?” आबांनी विचारलं.

“हो.”

“तीन वर्षं बंदी?”

“हो.”

“बुधवारी पोवारकडं गेला होतास?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला तिथं कुणी पाहिलं होतं, ते त्याला कळलं. “हो.”

“कशाला?”

आबांनी पुन्हा विचारलं. बाहेर भट्टीचा आवाज चालू होता. शेवटी तो म्हणाला, की ते सांगता येणार नाही.

“मग उद्या स्टेडियमवर यायचं नाही,” आबा म्हणाले. “टीम सरांच्या ताब्यात.”

त्यानं मान हलवली. भांडला नाही. दारापर्यंत गेला आणि तिथून वळून मला म्हणाला, “सर, गोलमध्ये इरफान. एवढं ऐका.” एवढं झाल्यावरही तो तेच म्हणतोय, हे ऐकून माझी जी काही शंका उरली होती ती संपली. आमचा सगळ्यात भरवशाचा माणूस त्याला बाहेर ठेवायचा होता. सरळ होतं.

रविवारी स्टेडियम भरून गेलं होतं. लोक लिवाप्पाला शोधत होते. त्याला बरं नाही, असं आम्ही सांगितलं. पण आबांच्या ड्रायव्हरनं दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं. सामना सुरू व्हायच्या आधीच एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत कुजबुज सरकत गेली.

कपडे बदलायच्या खोलीत मी हंबीरपुढं ग्लोव्हज टाकले.

“तू खेळतोयस.”

तो उठला नाही. “दादा, माझा गुडघा दुखतोय.”

“त्यानं शिकवलंय ना तुला हे बोलायला?”

हंबीर माझ्याकडं बघत राहिला. पोरं ऐकत होती. मग खालच्या आवाजात म्हणाला, “इरफानला उभा कर दादा. मी पाया पडतो तुझ्या.”

“त्याला आबांनी काढून टाकलंय, हंबीर. त्याचं कळलंय सगळ्यांना. आता तू त्याचं ऐकायचं काही कारण नाही.” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आपल्या बानं हा सामना बघितला असता.”

त्यानं ग्लोव्हज घातले. वडिलांचं नाव मी का काढलं, मला माहीत नाही. ते काढलं की हंबीर नाही म्हणू शकत नाही, हे मात्र मला माहीत होतं.

सामना चांगला झाला. पहिला गोल रणझुंजारचा, कॉर्नरवर, डोक्यानं मारलेला. तो कुणालाच अडवता आला नसता. मध्यंतरानंतर आम्ही बरोबरी केली. एकाला एक. शेवटची दहा मिनिटं राहिली होती तेव्हा त्यांच्या एका मुलानं तीस यार्डांवरून, दुसरं काही सुचेना म्हणून, चेंडू सरळ मारला. जोर नव्हता. एक टप्पा पडला. हंबीर खाली गेला, पण उशिरा गेला. चेंडू त्याच्या हाताखालून आत गेला.

तो तसाच पडून राहिला. मी लाइनीजवळ उभा होतो. तो उठला तेव्हा त्यानं चेंडूकडं पाहिलं नाही, पंचांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला समजली नाही. म्हणजे, मी समजून घेतली नाही. तोवर गॅलरीतून लिवाप्पाच्या नावानं शिव्या सुरू झाल्या होत्या. आम्ही हरलो.

त्या संध्याकाळी पेठेनं चौकातला कटआऊट खाली ओढला. त्याला आधी चपलांचा हार घातला, मग फाडला. तीन महिने ज्या दारांतून त्याला ताट गेलं त्याच दारांतल्या बायका माडीकडं बघून बोटं मोडत होत्या. त्यानं खोलीचं दार बंद ठेवलं होतं. गोल हंबीरनं खाल्ला होता, पण हंबीरला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट लोक त्याला जवळ घेत होते. बिचाऱ्याचं मन त्या माणसानं दोन दिवस आधीच मोडलं होतं, म्हणत होते.

मंगळवारी मधल्या सुट्टीत हंबीर शाळेत आला. तो कधी शाळेत यायचा नाही. मी त्याला खेळाच्या सामानाच्या खोलीत घेतलं. तिथं लेझमी होत्या, गुंडाळलेल्या मॅट होत्या. तो एका मॅटवर बसला आणि जमिनीकडं बघत बोलायला लागला.

पोवारांच्या माणसानं त्याला फेब्रुवारीत गाठलं होतं. दूध संघात कायमची जागा. फायनलला दोन्ही टीम आल्या तर फक्त एक गोल सोडायचा, बाकी काही नाही. हंबीरनं हो म्हटलं. तेव्हा आम्ही फायनलला जाऊ असं त्याला वाटतही नव्हतं. मग सेमीफायनल जिंकलो. त्या संध्याकाळपासून त्याला झोप नव्हती. सोमवारी तो लिवियोकडं गेला आणि सगळं सांगितलं.

“मीच म्हटलं त्याला, मला बाहेर ठेव,” हंबीर म्हणाला. “खेळलो नाही तर गोल सोडायचा प्रश्नच नाही. तो म्हणाला, ठीक आहे, गुडघा दुखतोय म्हणू. मी म्हटलं, दादाला कळू द्यायचं नाही. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.”

“आणि पोवारांकडं कशाला गेला होता तो?”

“माझा नाद सोडा म्हणून सांगायला. हंबीर खेळणार नाही, त्याला त्रास देऊ नका.”

बाहेर पोरांचा दंगा चालला होता. मला विचारायचं नव्हतं, पण मी विचारलं.

“तो दुसरा गोल?”

“मला माहीत नाही, दादा. आईशपथ माहीत नाही. मी सोडला, का हात गेला नाही. मी शंभर वेळा आठवून बघितलं.” मग त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. “मी तुझ्या पाया पडलो होतो.”

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी वर्गावर गेलो. पोरांना रांगेत उभं केलं आणि तास संपेपर्यंत नुसतं पळायला लावलं.

लिवियो गुरुवारी सकाळी निघणार असल्याचं मला नलिनीकडून कळलं. आबांनी गाडी देणार नसल्याचं कळवलं होतं. त्या सकाळी मी माडीवर गेलो तेव्हा तो बॅग भरत होता. मला बघून त्यानं खुर्चीवरचे कपडे उचलले आणि बसायला जागा केली. मी बसलो नाही. हंबीरनं सांगितल्याचं बोललो. तो थांबला, मग कपड्यांच्या घड्या घालतच राहिला.

“मी आबांना सांगतो,” मी म्हणालो. “आत्ता जाऊन सांगतो. तालमीत सगळ्यांना बोलावून सांगतो.”

“नको.”

“लोक तुला काय म्हणतायत, ऐकलंस का?”

“ऐकलं. मराठी थोडी कळते मला.” तो हसला. “सर, हंबीरला इथं राहायचं आहे. लग्न करायचं आहे. मला इथं राहायचं नाही.”

मग मी त्याला त्या प्रिंटबद्दल विचारलं. त्यानं सांगितलं ते थोडक्यात होतं. त्याच्याच गल्लीत वाढलेला, त्याच्याच टीममधला एक मित्र. त्यानं एक सामना सोडायचं कबूल केलं होतं आणि सामन्यानंतर रडत रडत याला सांगितलं. यानं कुणाला सांगितलं नाही. पुढं चौकशी झाली तेव्हा विचारलं, तुला माहीत होतं का? हा म्हणाला, होतं. माहीत असून तक्रार केली नाही, म्हणून तीन वर्षं. तेव्हा तो एकतीसचा होता. परत खेळला नाही.

“आणि तो मित्र?”

“गावात त्याला कुणी जगू दिलं नाही. आता त्याच्या आईशी मी बोलतो. गुरुवारी.” त्यानं बॅगची चेन लावली. “यावेळी वाटलं, आधी कळलं आहे. आधी कळलं तर काहीतरी करता येतं.”

मी आबांना सांगतो, असं मी एकदाच म्हटलं. तो नको म्हणाल्यावर दुसऱ्यांदा म्हटलं नाही. आणि मला हेही सांगायला हवं, की तो नको म्हणाला तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याच्याबद्दल नव्हे, माझ्या घराबद्दल मला सुटल्यासारखं वाटलं. जूनमध्ये हंबीर दूध संघात कायम झाला, डिसेंबरात त्याचं लग्न झालं. रणझुंजारच्या अध्यक्षानं सिद्धोबाच्या गोलकीपरला नोकरी का दिली, असं पेठेत कुणी विचारलं नाही. पेठेला सगळं आधीच कळलेलं होतं. हंबीरनं त्यानंतर ग्लोव्हज घातले नाहीत. गुडघा गेला, असं तो सांगायचा. टीम पुन्हा माझ्याकडं आली आणि अकरा वर्षं राहिली. सोल बांधून सराव मी चालू ठेवला. तो माझाच म्हणून ओळखला जातो.

पण ते नंतरचं. त्या गुरुवारी मी त्याला म्हटलं, की निदान स्टँडवर सोडतो. बॅग पायापाशी ठेवून तो माझ्या स्कूटरवर मागं बसला. सकाळची वेळ, पेठ जागी होती. कुणी ओरडलं नाही. लोक हातातलं काम थांबवून नुसते बघत होते. मी वेग कमी केला नाही.

पुण्याची बस लागलेली होती. त्यानं बॅग वर टाकली आणि खाली उतरून माझ्यापाशी उभा राहिला. तेवढ्यात आमच्या पेठेतले महिपती डोणे तिथं आले. तालमीचे जुने माणूस, सत्तरीचे, एकही सामना न चुकवणारे. तीन महिने याच माणसानं रोज सकाळी लिवियोला स्वतःच्या हातानं बदामाची थंडाई करून पाजली होती. त्यांनी लिवियोकडं बघितलंसुद्धा नाही. माझा हात दोन्ही हातांत घेतला.

“बरं झालं सर, तुमी वळीकलंसा त्येला. आमी सगळी आंधळीच झालो हुतो. तुमी हुता म्हणून तालमीची अब्रू ऱ्हायली.”

लिवियो तिथंच होता, दोन हातांवर. त्याला मराठी थोडी कळत होती. तो माझ्याकडं बघत होता. रागानं नाही, आणि आशेनंही नाही.

“होय,” मी म्हणालो.

कंडक्टरनं घंटी मारली. लिवियो बसमध्ये चढला, खिडकीपाशी बसला आणि टोपी मांडीवर काढून ठेवली. बस स्टँडबाहेर पडेपर्यंत मी तिच्याकडं बघत राहिलो. मग डोणेंनी माझ्या पाठीवर थाप मारली, चला सर, म्हणाले, आणि स्टँडवरच्या कँटीनमध्ये नेऊन मला चहा पाजला. मी तो घेतला.